मिलानच्या चौकाची डावी बाजू: मेंदू बिघडला की मनाचं काय होतं?

भरडधान्य (धागाकर्ता)

मेल्यावर आत्मा उरतो का, या इथल्या आत्म्याच्या धाग्यावर दोनेकशे प्रतिसाद झाले. मेंदूचा उल्लेख त्यात आला तो फक्त एकमेकांना तो नसल्याचं सांगण्यापुरता. म्हणून हा वेगळा धागा. प्रश्न जुनाच आहे: मन म्हणजे मेंदूच, की मेंदूत मुक्कामाला असलेलं दुसरंच काही? पण 'मला असं वाटतं'पासून सुरुवात न करता एका प्रयोगापासून करू.

इटलीत मिलान शहराच्या मध्यभागी कॅथेड्रलसमोर प्रचंड चौक आहे, पियाझ्झा देल दुओमो. मिलानच्या माणसाला तो पाठ असतो. १९७८ साली एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्झात्ती यांनी एक छोटासा शोधनिबंध छापला. त्यांच्याकडे दोन रुग्ण होते, दोघांच्याही मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला (उजव्या अर्धगोलाला) इजा झालेली. अशा काही रुग्णांच्या लेखी डावीकडचं जगच उरत नाही. हा डोळ्यांचा दोष नव्हे. डावीकडे लक्षच जात नाही, आणि जात नाही हेही कळत नाही.

दोघांना सांगितलं, मनातल्या मनात चौकाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहा, तोंड कॅथेड्रलकडे. काय काय दिसतं? त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या जवळजवळ गाळल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या दारात पाठ करून उभे राहा आणि चौकाकडे बघा. आता मघाशी वगळलेली बाजू उजव्या हाताला आली होती, तर तिथल्या इमारती भराभर आठवल्या. आणि थोड्याच वेळापूर्वी ज्या सांगितल्या होत्या त्या गेल्या!

म्हणजे आठवणी शाबूत होत्या. समोर खरा चौक नव्हताच, त्यामुळे डोळ्यांचाही संबंध नाही. कल्पनेतल्या जागेची डावी बाजू गेली होती. 'मनात चित्र उभं करणं' याच्याइतकी मनाची खाजगी गोष्ट दुसरी कुठली असेल? तिलासुद्धा उजवा-डावा अर्धगोल आहे.

आता थोडा भूगोल. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा त्याचा. चेतापेशी अंदाजे ८६ अब्ज. हा आकडा २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाने पेशींची केंद्रकं मोजून काढला; त्याआधी सगळे १०० अब्ज म्हणत, कुणी मोजले नव्हते. गंमत अशी की यातले जवळपास ६९ अब्ज डोक्याच्या मागच्या तळाशी असलेल्या लहान मेंदूत असतात. ज्या सुरकुतलेल्या सालीला आपण मोठ्या अभिमानाने 'मेंदू' म्हणतो, त्या कॉर्टेक्सच्या वाट्याला फक्त १६ अब्ज.

पेशींच्या संख्येवर मन ठरत असतं तर लहान मेंदूत सगळं मन भरलं असतं. तसं नाही. २०१४ मध्ये चीनमधल्या एका २४ वर्षांच्या बाईची नोंद प्रसिद्ध झाली. चक्कर येते म्हणून तपासायला आली, तर स्कॅनमध्ये लहान मेंदूच नव्हता, जन्मापासूनच. बोलायला आणि चालायला उशीर झाला होता, चाल थोडी डळमळीत होती. पण लग्न झालेलं, मुलगी झालेली. उलट मेंदूच्या खोडातला छोटासा भाग दुखावला तर माणूस कोमात जातो. किती पेशी आहेत यापेक्षा त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत याला महत्त्व दिसतं.

कॉर्टेक्सची साल २ ते ४ मिलिमीटर जाड. कपाळामागे फ्रंटल लोब (बेत आखणं, आवर घालणं), कानाजवळ टेम्पोरल (ऐकणं, आठवणी), मागे ऑक्सिपिटल (दृष्टी), आणि टाळूच्या थोडं मागे दोन्ही बाजूंना पॅरायटल. मिलानच्या प्रकारात बहुतेक वेळा उजव्या पॅरायटलचा भाग आणि त्याच्या आसपासचं जाळं गुंतलेलं असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मन हा मालक आणि मेंदू हे त्याचं अवजार असतं, तर अवजार मोडल्यावर मालकाने निदान आरडाओरडा तरी केला असता. इथे मालकाला काही हरवल्याचं कळतच नाही. मतं येऊ द्या.

झोपाळू

पहिला! आता वाचतो.

खारूताई

अंगावर काटा आला वाचून, कारण हे घरात पाहिलंय. सासूबाईंना मेंदूचा झटका (पक्षाघात) आला, डावी बाजू लुळी पडली. घरी आणल्यावर जेवायला वाढलं की रोज एकच तक्रार, 'चटणी वाढली नाहीस, कोशिंबीर नाही, साधं मीठसुद्धा नाही.' आमच्याकडे अजून रीतसर पान वाढतात, डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ-आमटी. भाजी-आमटी संपायची आणि डावी बाजू जशीच्या तशी. पोळीसुद्धा उजवीकडची अर्धी मोडून खायच्या. मला वाटायचं मुद्दाम करतात. नणंदेला फोन करून त्यांनी माझी तक्रारही केली होती, ही मला अर्धपोटी ठेवते म्हणून.

शेवटी फिजिओला येणाऱ्या मुलीने ताट उचललं आणि अर्धं फिरवून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, 'आता वाढलीस होय!'

हे असं असतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर घरातले दोन महिने बरे गेले असते. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी होती, याबद्दल एक ओळ नव्हती.

उंटावरचा डॉक्टर

खारूताई, तुमच्या सासूबाईंचं वर्णन विद्यार्थ्यांना वाचून दाखवण्यासारखं आहे. याला हेमिनेग्लेक्ट (एका बाजूचं भान हरपणं) म्हणतात. उजव्या अर्धगोलाच्या झटक्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच जणांत दिसतो, अनेकांचा काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा राहतो.

उजव्या बाजूच्याच इजेने का, हा प्रश्न येईलच. प्रचलित स्पष्टीकरण असं: डावा अर्धगोल मुख्यतः उजवीकडच्या जगावर लक्ष ठेवतो, उजवा मात्र दोन्हीकडे. डावा गेला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा गेला तर डावीकडे बघायला कुणी उरत नाही.

आता धाग्याच्या विषयाला धरून याहून चमत्कारिक प्रकार सांगतो. काही रुग्णांना आपला हात-पाय लुळा पडलाय हेच मान्य नसतं. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १९१४ मध्ये त्याला ॲनोसॉग्नोसिया हे नाव दिलं. 'डावा हात वर करा' म्हटलं की रुग्ण म्हणतो 'केला की', किंवा 'खांदा दुखतोय, मग करतो'. हात गादीवर पडलेला असतो. काही जण तर सांगतात की हा हात माझा नाहीच, दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांना ३१ डिसेंबर १९७४ ला झटका आला, डावी बाजू गेली. व्हीलचेअरवरून ते पत्रकारांना सांगत होते की या पायाने मी फुटबॉलला चाळीस-चाळीस यार्डांच्या किक मारतोय. भाषा उत्तम, विनोदबुद्धी शाबूत, कायद्याचं ज्ञान जागेवर. नोव्हेंबर १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, पण त्यानंतरही आपण न्यायाधीश असल्यासारखं कामात भाग घेऊ पाहत होते. सहकाऱ्यांची फार पंचाईत झाली.

लोक याला 'मनाने धक्का नाकारणं' समजतात. तेवढंच असतं तर उजवी बाजू लुळी पडलेलेही तितक्याच प्रमाणात नाकारते. तसं होत नाही. शिवाय अशा काही रुग्णांच्या डाव्या कानात बर्फासारखं थंड पाणी सोडलं (घरी करून बघू नका!), म्हणजे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून उजव्या अर्धगोलाला चालना मिळाली, की थोडा वेळ रुग्ण म्हणतो, 'हो, हात हलत नाही, कितीतरी दिवस झाले.' परिणाम उतरला की पुन्हा 'मला काही झालेलं नाही.' चेताशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांच्या एका रुग्ण बाईने तर नंतर, आपण असं कबूल केलं होतं हेच नाकारलं.

मध्यमलहरी

डॉक्टर, माहिती रंजक आहे पण यातून मन म्हणजे मेंदू हे सिद्ध होत नाही. रेडिओ बिघडला की खरखर येते, एखादं स्टेशन लागत नाही. म्हणून गाणं रेडिओच्या आत तयार होतं असं कुणी म्हणत नाही. मेंदू ग्राहकयंत्र आहे, चेतना बाहेरून येते. तुमची सगळी उदाहरणं या कल्पनेतही बसतात.

भरडधान्य

मध्यमलहरी, ही उपमा प्रत्येक धाग्यावर येते, म्हणून नीटच बोलू. रेडिओचा एखादा पार्ट जळला तर आवाज चिरकतो, बंद पडतो, मान्य. पण पार्ट जळल्यामुळे आकाशवाणीचा निवेदक पुणे केंद्राचं नाव विसरला, असं होत नाही. तुमच्या घरचा संच बिघडल्यावर निवेदक स्वतः 'सगळं उत्तम ऐकू जातंय' अशी हमी देऊ लागला, असंही होत नाही. न्यायमूर्ती डग्लस यांच्या बाबतीत बिघाड निवेदकातच झालेला दिसतो. ठाम मत बनवणारा, ते मांडणारा आणि विरोधी पुरावा झटकून टाकणारा जो कुणी आत होता, तोच बदलला होता.

आणि कानात थंड पाणी घातल्याने स्टेशनवरच्या माणसाला तेवढ्यापुरती स्वतःची खरी परिस्थिती उमगावी, हे ग्राहकयंत्राच्या कल्पनेत कसं बसवाल? बसवता येईलही. पण मग 'बाहेरून येणाऱ्या' भागाकडे आठवण नाही, मत नाही, स्वतःच्या शरीराची जाण नाही. उरलं काय?

मध्यमलहरी

उरलं ते शुद्ध भान. तेच तर म्हणतोय.

पुरावा_द्या

एक मिनिट. दोन रुग्ण. दोन! आणि त्यावरून 'कल्पनेलाही डावा-उजवा अर्धगोल असतो'? आमच्याकडे दोन माणसांवर चहाचा ब्रँडसुद्धा ठरवत नाहीत. शिवाय डोक्यात चौक आणून सांगताना डावीकडे सांगायचा कंटाळा केला असेल, लक्ष उडालं असेल, काहीही.

उंटावरचा डॉक्टर

शंका रास्त आहे. पुढे बऱ्याच रुग्णांवर हे तपासलं गेलं. निष्कर्ष मिलानच्या निबंधाइतके स्वच्छ नाहीत, आणि हेच जास्त बोलकं आहे. डावी बाजू हरवलेल्या अनेकांची कल्पनेतली डावी बाजू ठीक असते. म्हणजे खारूताईंच्या सासूबाईंना ताटातली चटणी दिसली नसती, पण स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणून डावीकडच्या फळीवरचे डबे त्यांनी कदाचित सांगितले असते. उलट १९९३ मध्ये इटलीतूनच एका रुग्णाची नोंद आली. त्याला प्रत्यक्षात डावीकडचं सगळं दिसायचं, फक्त कल्पनेत डावी बाजू नाही. दोन्ही तऱ्हा सापडल्या, म्हणजे ही दोन कामं मेंदू अंशतः वेगवेगळ्या जोडण्यांनी करत असणार.

म्हणून भरडधान्य यांना एक टोचणी. 'फ्रंटल लोब म्हणजे बेत आखणं, टेम्पोरल म्हणजे आठवण' हे शाळेच्या तक्त्यापुरतं ठीक आहे. एकेका कामामागे दूरदूरच्या भागांचं जाळं असतं, आणि एकेका भागाला अनेक कामं. झटका यायच्या जागा रक्तवाहिन्यांप्रमाणे ठरतात, मनाच्या कप्प्यांप्रमाणे नाही.

भरडधान्य

टोचणी पोचली. पुरावा_द्या, लक्ष उडण्याबद्दल: १९८८ चा मार्शल आणि हॅलिगन यांचा प्रयोग बघा. एका बाईला घराची दोन चित्रं एकाखाली एक दाखवली. एका घराच्या डाव्या बाजूने आगीच्या ज्वाळा निघताहेत. फरक काय? काही नाही, दोन्ही सारखीच. यातल्या कुठल्या घरात राहाल? 'काय वेड्यासारखं विचारता, दोन्ही एकच आहेत.' पण आग्रह केला की बहुतेक वेळा न जळणारं घर निवडायची. आत कुठेतरी आग पोचली होती, 'मला दिसतंय' म्हणणाऱ्यापर्यंत पोचली नव्हती. अर्थात हाही एकच रुग्ण, तेव्हा तुम्ही बोंब मारणारच.

पुरावा_द्या

मारली. पण हे आवडलं.

निमित्तमात्र

धागा उत्तम, फक्त तलवार भलत्या दिशेला चालवली जातेय. मन वेगळं आणि देह वेगळा, मन विचार करतं आणि देह यंत्रासारखा चालतो, ही मांडणी सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याची. दोघांची गाठ कुठे पडते हे सांगताना त्याला मेंदूच्या मधोमध असलेली पिनियल ग्रंथी धरावी लागली (१६४९). तुमचा प्रत्येक रुग्ण त्याच्या मताचा पराभव करतो, मान्य.

पण सांख्यांचं (आपल्याकडच्या एका प्राचीन दर्शनाचं) म्हणणं बघा. मन हे अकरावं इंद्रिय, अहंकारातून निपजलेलं. अहंकार बुद्धीतून, बुद्धी प्रकृतीतून. म्हणजे आठवण, कल्पना, निश्चय, अगदी 'मी'पणाची भावनासुद्धा जड प्रकृतीच्याच बाजूला. मेंदूला इजा झाली आणि 'मी'ची जाण विस्कटली, तर सांख्याला झोप उडायचं काही कारण नाही. पुरुष, म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध चेतना, निव्वळ साक्षी, तो काही करतच नाही. मध्यमलहरी रेडिओच्या उपमेतून बहुधा इकडेच यायला बघताहेत, पण वाट चुकलीय.

आयुर्वेदातही हा वाद होता. चरक-सुश्रुतांनी चेतनेचं स्थान हृदय धरलं, भेलसंहितेत मात्र मन डोकं आणि (तोंडातल्या) टाळूच्या मध्ये ठेवलंय. तेव्हा 'आपल्याकडे सगळं आधीच माहीत होतं' म्हणणाऱ्यांनी आणि 'आपल्याकडे काहीच नव्हतं' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही दमाने घ्यावं.

भरडधान्य

निमित्तमात्र, याच्यासाठीच धागा काढला होता. सांख्यांची विभागणी या पुराव्यांपुढे देकार्तपेक्षा कितीतरी चांगली टिकते, मान्य आहे.

तुम्ही जिथे पोचलात तिथेच आजचा वादही अडलाय. १९९५ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी प्रश्न दोन भागांत तोडला. लक्ष, आठवण, बोलणं, निर्णय कसे घडतात हे सोपे प्रश्न (सोपे म्हणजे शे-दोनशे वर्षं लागली तरी पद्धत ठाऊक असलेले). आणि हे सगळं घडताना 'आतून काहीतरी जाणवतं' ते का, हा अवघड प्रश्न. १९९८ मध्ये जर्मनीत ब्रेमेनला चेताशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी चाल्मर्सशी पैज लावली, २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या परिषदेत कॉख पैज हरले आणि वाइनची पेटी देऊन मोकळे झाले. तेव्हा प्रश्न उघडा आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट टोचते. आत्म्याच्या धाग्यावर लोक ज्यासाठी भांडत होते ते साक्षी नव्हतंच. त्यांना हवी होती आपली आई, तिच्या आठवणींसकट, तिच्या हट्टांसकट. हवं होतं आपलं नाव, आपल्या आवडीनिवडी, मेल्यावरही शिल्लक राहणारे. सांख्यांच्या हिशेबातही ते सगळं प्रकृतीच्याच खात्यात जातं. साक्षी उरला तरी कुणाचा, हे सांगायला त्याच्याकडे काही नाही. तेव्हा अवघड प्रश्न सुटला नाही म्हणून मागचं दार उघडं आहे, असं समजणाऱ्यांना त्या दारातून घरचं कुणी येताना दिसणार नाही.

निमित्तमात्र

हे सांख्याने आनंदाने लिहून दिलं असतं. कैवल्य (पुरुष प्रकृतीपासून सुटा होणं, म्हणजे त्यांचा मोक्ष) म्हणजे तेच. पण लोकांना कैवल्य नको असतं हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

दोन_पोरांची_आई

खूप वरचं चाललंय, माझा साधा प्रश्न. आमच्या सोसायटीत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाले आले होते. मुलं डोळ्याला पट्टी बांधून वाचतात, रंग ओळखतात. फी हजारोंत. नवरा म्हणतो लेकीला घालू. खरंच मेंदूचा कुठला भाग असा बंद असतो का जो चालू करता येतो?

उंटावरचा डॉक्टर

नाही. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, मेंदूच्या खोडाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा. तो जन्मापासून चालूच असतो. आत्ता हे वाचताना तुमचे डोळे ओळीवर सरकताहेत त्यात त्याचा हात आहे. बाहुली लहान-मोठी होते ती त्याच्यामार्फत. त्याच्यातच सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो. मध्यमेंदू खरोखर बंद असलेलं मूल तुमच्यासमोर उभं राहू शकणार नाही.

पट्टीचं रहस्य नाकापाशी असतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि मुलं खाली बघून वाचतात. म्हणूनच कागद नाकासमोर आणि खाली धरायला लागतो. पोहण्याचा गॉगल काळ्या कागदाने आतून झाकून घाला, किंवा कागद डोक्यामागे धरा, विद्या संपते. नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवाद्यांनी हे जाहीरपणे करून दाखवलं आहे. मला वाईट वाटतं ते पैशांपेक्षा वेगळ्या गोष्टीचं: फटीतून दिसतंय हे पोराला माहीत असतं, आणि आईबापांचा आनंद बघून ते गप्प बसायला शिकतं.

'आपण १० टक्केच मेंदू वापरतो' हेही त्याच दुकानातलं. ९० टक्के रिकामा असता तर झटका आलेल्यांपैकी बहुतेकांना काही झालंच नसतं, आणि माझी ओपीडी ओस पडली असती.

दोन_पोरांची_आई

धन्यवाद डॉक्टर. पोहण्याचा गॉगल घरात आहे, आज संध्याकाळी नवऱ्याच्याच डोळ्यांवर चढवते.

आडगावकर

उलट बाजूचं उदाहरण देतो. आमच्या गावात एका काकांना उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचा गेली. नुसतं 'हां' आणि एक शिवी, एवढंच येई. बायकोचं नाव घेता येत नसे, डोळ्यांत पाणी यायचं. पण एकादशीला देवळात भजन सुरू झालं तर हे टाळ धरून अख्खा अभंग म्हणाले, शब्दाला शब्द. लोकांना वाटलं पांडुरंगाने वाचा दिली. घरी आले तर पुन्हा 'हां'. मग काहींना वाटलं सोंग आहे, आणि ते बघून त्यांना झालेला त्रास वेगळाच. हे कसं काय?

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारी), हे नेहमी बघते. स्वतःहून वाक्य जुळवणं हे बहुतेकांत डाव्या अर्धगोलाचं काम. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांच्याकडे लेबोर्न नावाचा रुग्ण आला होता. त्याला वर्षानुवर्षं 'टॅन' एवढंच बोलता येई, आणि रागावला की एक शिवी! तो वारल्यावर मेंदू तपासला, तर इजा डाव्या फ्रंटलमध्ये. तुमच्या काकांची उजवी बाजू लुळी पडली म्हणजे झटका डावीकडेच होता.

पण पाठ झालेलं म्हणणं, एक-दोन-तीन मोजणं, वारांची नावं, शिव्या आणि चालीवरचं गाणं यांचा मार्ग थोडा वेगळा आहे, त्यात उजव्या अर्धगोलाचा वाटाही मोठा मानतात. स्वीडनमध्ये १७४५ साली ओलोफ दालिन यांनी अशीच नोंद केली होती: वाचा गेलेला माणूस चर्चमधली स्तोत्रं मात्र गातो. सोंग अजिबात नाही. १९७३ मध्ये बॉस्टनच्या काही जणांनी यावर उपचारच बसवला: रोजची वाक्यं चालीत म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग हळूहळू चाल काढून घ्यायची. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही.

काका हयात असतील तर घरच्यांना सांगा, 'पाणी हवं', 'दुखतंय' हे ओळखीच्या अभंगाच्या चालीत बसवून बघा. चाल त्यांच्या आवडीची हवी, तुमच्या नव्हे.

आडगावकर

काका चार वर्षांपूर्वी गेले. पण शेजारच्या आळीत अशीच एक म्हातारी आहे, ओव्या म्हणणारी. सांगतो तिच्या लेकीला.

खारूताई

सातासमुद्रापार, माझ्या सासूबाईंसाठीही काही सांगा ना. चालतात आता काठीने, पण डावीकडच्या दाराच्या चौकटीवर खांदा आपटतो. पेपर वाचताना ओळीच्या मधूनच सुरुवात करतात आणि म्हणतात, हल्ली काहीही छापतात.

सातासमुद्रापार

पेपरला सोपं आहे. डाव्या समासावर वरपासून खालपर्यंत लाल पट्टी चिकटवा किंवा लाल स्केच पेनने जाड रेघ मारा. नियम एकच, लाल दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. सुरुवातीला तुम्ही त्यांचं बोट धरून लालवर न्या. ताटाला तेच, डाव्या कडेला रंगीत फडकं. दाराच्या डाव्या चौकटीवर उठून दिसणारी पट्टी लावा.

ताट कायम फिरवून देऊ नका. तो तात्पुरता उपाय. त्यांची मान आणि नजर डावीकडे वळायला हवी. गप्पा मारायला हळूहळू डावीकडे सरकत बसा. सुरुवातच डावीकडून केली तर त्यांना तुम्ही दिसणारच नाही आणि त्या घाबरतील. डावा हात चालत नसला तरी मांडीवर त्यांच्या नजरेसमोर ठेवा. खुर्चीखाली लोंबकळत राहिला की अडकतो.

प्रिझमचे चष्मेही असतात. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये रोझेट्टी यांच्या गटाने दाखवलं की समोरचं दृश्य १० अंश उजवीकडे सरकवणारा चष्मा घालून काही मिनिटं बोटाने लक्ष्याला हात लावायचा सराव केला, की चष्मा काढल्यावर लक्ष डावीकडे ओढलं जातं, आणि तो परिणाम निदान दोनेक तास टिकला. नंतरच्या चाचण्यांत फायदा कुणाला झाला, कुणाला नाही. तुमच्या शहरात न्यूरो-रिहॅब (मेंदूच्या रुग्णांचं पुनर्वसन केंद्र) असेल तर विचारा, ऑनलाइन मागवू नका.

आणि 'नीट बघा ना' असं म्हणू नका. त्यांच्या लेखी त्या नीटच बघताहेत.

उंटावरचा डॉक्टर

याला जोडून, सगळ्यांसाठी. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. उजवी बाजू लुळी पडून वाचा गेली की घरचे घाबरून धावत येतात. डावी बाजू गेलेला माणूस मात्र स्वच्छ बोलत असतो, वर सांगतो 'मला काही झालं नाही, जरा पडू द्या.' घरचे त्याचं ऐकतात, रात्र काढतात आणि सकाळी आणतात. माझ्याकडे असे कितीतरी आले.

तेव्हा रुग्णाला 'बरं वाटतंय का' विचारून ठरवू नका. हसायला सांगा, ओठ एका बाजूला ओघळतो का बघा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का बघा. एक साधं वाक्य म्हणायला सांगा. यातलं एक जरी बिघडलेलं असलं तर तो कितीही नाही म्हणाला तरी गाडी काढा, आणि सीटी स्कॅनची सोय जिथे आहे तिथेच न्या. शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो.

झोपाळू

वाचलं सगळं. मध्यमलहरी कुठे गेले?

मध्यमलहरी

इथेच आहे. रेडिओची उपमा मागे घेत नाही, पण निवेदकाच्या मुद्द्यावर उत्तर सुचलेलं नाही. सुचलं की येतो. निमित्तमात्र, सांख्यकारिकेची (सांख्यांच्या ग्रंथाची) मराठीतली वाचण्यासारखी आवृत्ती कुठली, तेवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.